गहाण सोडविण्याचा हक्क

सुरतेतील कतारगाम हे एके काळी पापडीच्या शेंगांसाठी नावाजलेले गाव. आज तेथे हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने आहेत. कारागिराची मजुरी बहुधा नगावर ठरते. तेजीत चार पैसे हाती उरतात, मंदीत घराचा हप्ताही जड जातो. अशा माणसाला उरलेल्या पैशातून कर्ज मुदतीआधी फेडता यावे काय? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे.

१९६० पर्यंत सुरत जिल्हा मुंबईच्याच कारभाराखाली होता. मुंबई इलाख्यातील न्यायालये दामदुपटीचा नियम मानीत. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. हे संरक्षण हिंदू ऋणकोपुरतेच होते. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना ते नव्हते.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यास १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या ६० व्या कलमाने गहाण सोडविण्याचा हक्क सर्वांस दिला, परंतु तो मुद्दल देय झाल्यानंतरचा. मुदतीआधी पैसे घेऊन येणाऱ्यास धनको परत पाठवू शके. १९२९ च्या दुरुस्तीने, पैसे चुकते करतेवेळी गहाण तिसऱ्याच्या नावे करून मागण्याची मुभा मिळाली. आज आपण कमी व्याजासाठी कर्ज दुसऱ्या बँकेत नेतो, त्या व्यवहाराचे हे पूर्वरूपच म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९७७ साली, सुरतेतच जन्मलेल्या हसमुखभाई पारेख यांनी गृहकर्जासाठी स्वतंत्र संस्था काढली आणि दीर्घ मुदतीचे हप्ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. मात्र लवकर फेडणाऱ्यास दंड भरावा लागे. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून असा दंड घेण्यास बँकांना मनाई केली.

या सवलतीचे मोल हिशेबाने कळते. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, असे धरू. हप्ता सुमारे १८,००० रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले १५,००० व्याजातच जातात. अखेरीस व्याजापोटी तेवीस लाखांवर रक्कम जाते, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक! दामदुपट येथे उपयोगी नाही, कारण हे व्याज थकलेले नसून हप्त्याहप्त्याने दिलेले असते. आता दरमहा २०,००० भरले, तर कर्ज साडेपंधरा वर्षांत फिटते आणि व्याज सतरा लाखांच्या आसपास राहते. जुन्या नियमाची मर्यादा ऋणको स्वतःच घालून घेतो. मंदी आली की पुन्हा ठरलेल्या हप्त्यावर यावे. जादा भरलेल्या रकमेने हप्ता न घटवता मुदत घटवावी, असे बँकेस लेखी कळवावे.

कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे. ती मोजून घ्यावीत, बोजा उतरल्याची नोंद पाहावी आणि मगच गहाण सुटले असे म्हणावे.