यंत्रापुढची कैफियत

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली ज्या ‘एलायझा’ नामक आज्ञावलीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तिला बोलणाऱ्याचेच वाक्य उलटवून प्रश्नरूपाने परत करण्यापलीकडे फारसे काही येत नव्हते. तथापि तिची जडणघडण महिनोन्महिने पाहिलेल्या त्यांच्या चिटणीस बाईंनीच, तिच्याशी चार वाक्ये बोलून होताच, वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. त्याच वर्षी केनेथ कोल्बी या मनोविकारतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, चिकित्सकांची वाण असलेल्या रुग्णालयांत एकच संगणक ताशी शेकडो रुग्णांना उपचार देऊ शकेल, असा हिशेब मांडला. वायझेनबाउमना ही वृत्तीच इतकी झोंबली की १९७६ साली तिच्याविरुद्ध त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील वैद्यांनी मात्र यंत्राला न्यायाधीशाचे आसन न देता जबानी टिपणाऱ्या कारकुनाची बैठक दिली, आणि माझ्या मते अधिक शहाणपण त्यातच होते. वॉर्नर स्लॅक यांनी रुग्णाचा पूर्ववृत्तान्त संगणकाकरवी विचारण्याचा प्रयोग साठीच्या दशकात केलाच होता. पुढे १९७३ साली जॉन ग्राइस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज घेणारी नाजूक मुलाखतही त्याच्याकडे सोपविली. समोरच्या माणसाची भुवई किंचित हलली तरी जे ओठांवरच थबकते, ते न थकणाऱ्या व न दचकणाऱ्या प्रश्नापुढे पुष्कळांच्या तोंडून सहज बाहेर पडते, असा त्यांचा अनुभव होता. जबानी झाल्यावर तिची दखल कोणी घ्यावयाची, हा प्रश्न तेव्हा फारसा अडला नाही, कारण रुग्ण रुग्णालयातच होता व वैद्य पलीकडच्या दालनात.

तो अडला महाजालाच्या काळात, रुग्ण घरी आणि वैद्य दूर असताना. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हेलन क्रिस्टेन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘मूडजिम’ हा, विचार व वर्तन यांना वळण लावणारा विनामूल्य पाठक्रम मुख्यतः तरुणांसाठी खुला केला. नाव नोंदविणाऱ्यांची रीघ लागली, पण अखेरच्या धड्यापर्यंत टिकणारे थोडकेच निघाले.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठातील बालमनोविकारतज्ज्ञ सॅली मेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुलांना धडे देण्याऐवजी खेळच द्यावा, असे ठरविले. ‘स्पार्क्स’ या त्यांच्या खेळात निराशेच्या विचारांना उडत्या कीटकांचे रूप दिलेले असून, त्यांनी व्यापलेल्या मुलखात खेळाडूने प्रांतामागून प्रांत पार करीत, वाटेत श्वास सावरण्याची, अडचणीचे तुकडे पाडण्याची, मदत मागण्याची विद्या हस्तगत करावयाची असते. विषण्णतेपायी मदत मागण्यास आलेल्या १२ ते १९ वर्षे वयाच्या १८७ मुलामुलींवर त्याची परीक्षा झाली आणि नेहमीच्या समुपदेशनाहून तो उणा नाही, असा निष्कर्ष २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. दोन वर्षांनी तेथील सरकारने तो देशभर विनामूल्य उपलब्ध केला. मात्र दवाखान्याच्या देखरेखीबाहेर पडताच अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांची जुनीच अडचण त्यालाही भोवली. कीटक मारण्याची हौस किती दिवस पुरणार!

याहून उद्बोधक प्रकरण इंग्लंडात घडले. चॅड व्हारा या धर्मोपदेशकांनी १९५३ साली लंडनमध्ये स्थापिलेल्या ‘सॅमॅरिटन्स’ संस्थेची सारी प्रतिष्ठा, फोन करणाऱ्याचे नावगाव न विचारता ऐकून घेण्यावर उभी होती. त्याच संस्थेने २०१४च्या ऑक्टोबरअखेर ‘रडार’ नावाची योजना अमलात आणली: कोणीही तीत नाव घालावे, आणि आपण ट्विटरवर ज्यांचे लेखन वाचतो त्यांच्यापैकी कोणाच्या शब्दांत निराशेची चिन्हे दिसली की यंत्राने आपल्याला इशारा द्यावा. ज्याच्या शब्दांवर पहारा बसला त्याला मात्र त्याची वर्दी नव्हती, आणि इशारा मिळणारा मनुष्य सुहृदच असेल, छळ करणारा नसेल, याची हमी कोण देणार? मानसिक व्याधी भोगणाऱ्यांनीच इतका गिल्ला केला की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच योजना तहकूब झाली. हेतू निर्मळ होता यात शंका नाही, परंतु न दिलेली कैफियत परस्पर दाखल करून घेण्याचा अधिकार निर्मळ हेतूनेही मिळत नाही.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली स्थापिलेल्या ‘संगथ’ संस्थेने निवडलेला मार्ग मला म्हणूनच अधिक पटतो. तिने शाळकरी मुलांसाठी तयार केलेल्या ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ या मोबाइलवरील खेळात, पात्रांच्या अडचणी सोडविता सोडविता मूल स्वतःच्या अडचणीकडे वळते. आणि सोबतीला मनोविकारशास्त्राची पदवी नसलेला, परंतु त्या कामाचे शिक्षण घेतलेला समुपदेशक असतो. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, तेव्हा हीच सोबत फोनवरून देण्यात आली.

अशीच माणसाची सोबत फोनवरून देण्यासाठी भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे अहोरात्र, विनाशुल्क आणि मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते. वयात येणारी मुले ज्या घरात आहेत, त्या घराने तो क्रमांक मुलांच्या सहज नजरेस पडेल असा लिहून ठेवावा.