स्वमग्न मूल नेहमीच्या शाळेत: प्रवेश मिळाल्यावर पुढे काय?

वर्गात गोंधळ चाललाय. बाई वैतागून विचारतात, "कुणाला बाहेर उभं राहायचंय का?" तिसऱ्या बाकावरचा मुलगा हात वर करतो. वर्ग हसतो, बाईंना तो उद्धटपणा वाटतो आणि डायरीत शेरा येतो. मुलाने मात्र विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलेलं असतं. आतला आवाज त्याला सहन होत नव्हता आणि बाहेर शांत होतं.

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेल्या मुलांच्या शाळेतल्या अनेक अडचणी अशाच असतात. ऑटिझम हा संसर्गाने होणारा किंवा औषधाने बरा होणारा आजार नाही, आणि तो आईवडिलांच्या चुकीमुळेही होत नाही. मेंदूची जडणघडणच लहानपणापासून थोडी वेगळी असते. त्यामुळे संवाद, आवाज-उजेड-स्पर्श यांची जाणीव आणि बदलाला तोंड देणं या गोष्टी वेगळ्या पद्धतीने होतात. एखादं मूल सलग बोलतं, एखादं अजिबात बोलत नाही. ('तारे जमीन पर'मधल्या मुलाला डिस्लेक्सिया होता, ऑटिझम नव्हे. ही गल्लत अजूनही होते, कधी कधी शिक्षकांकडूनही.)

शाळा 'नाही' म्हणू शकते का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. या कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करायच्या, अशी अपेक्षा आहे. 'मान्यता असलेल्या' या शब्दांमुळे खासगी शाळाही यात येतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. याच कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग मुलंही पात्र आहेत.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. पण वर्गातल्या वाजवी सोयींसाठी कलम १६ मध्ये ४० टक्क्यांची अट नाही. अनेक पालक इथेच माघार घेतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्षात 'नाही' क्वचितच उघडपणे सांगितलं जातं. "आमच्याकडे त्याची नीट काळजी घेतली जाणार नाही हो," असं मायेने सांगितलं जातं. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा नकाराचं कारण लेखी मागा. तरीही दाद मिळाली नाही तर शिक्षणाधिकारी कार्यालय आणि पुण्यातलं दिव्यांग आयुक्तालय हे मार्ग आहेत.

शिक्षकांच्या हाती एक पान द्या

तपासणीचा वीस पानी अहवाल साठ मुलांच्या वर्गशिक्षिकेला वाचायला वेळ नसतो. तिला एकच पान द्या, साध्या मराठीत. मुलाला काय आवडतं, काय सहन होत नाही, अस्वस्थ होण्याआधी तो काय करतो (कान झाकतो, गोल फिरतो, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो) आणि तेव्हा काय केलं की तो शांत होतो. ऑफ तासाला दुसऱ्या बाई येतात तेव्हा हेच पान त्यांना उपयोगी पडतं.

मागण्या छोट्या आणि नेमक्या ठेवा. "त्याला समजून घ्या" असं म्हणून काहीच होत नाही. त्याऐवजी असं सांगता येईल: खिडकी आणि दारापासून दूरचा, ठरलेला बाक. दिवसाचं वेळापत्रक चित्रांसह बाकावर चिकटवलेलं. तासाच्या अदलाबदलीची सूचना आधी. फळ्यावर लिहिलेला गृहपाठ उतरवून झालाय का, हे एकदा बघणं. आणि असह्य झालं की दाखवायचं एक कार्ड, ज्यावर पाच मिनिटं ठरलेल्या शांत जागी जायची परवानगी मिळेल.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. मराठी वर्ग वाक्प्रचारांवर चालतो. "डोकं खाऊ नकोस", "तोंडाला कुलूप लाव", "एक मिनिट थांब" हे मूल शब्दशः घेऊ शकतं आणि साठ सेकंद मोजून पुन्हा विचारायला येतं. "गप्प बसा रे सगळे" यातल्या 'सगळे'मध्ये आपण येतो, हेही काहींना उमगत नाही. नाव घेऊन, एका वेळी एकच सूचना दिली की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

सगळ्यात कठीण तास: मधली सुट्टी

तासाला निदान काय करायचं ते ठरलेलं असतं. मधल्या सुट्टीत घंटा, आरडाओरडा, डब्यांचे वास, धक्काबुक्की आणि कुणाशी काय बोलायचं याचा नियम नाही. चिडवाचिडवीही बहुतेक इथेच होते. ग्रंथालयात बसायची मुभा, एखादं ठरलेलं काम किंवा समजूतदार एक-दोन सोबती, यातलं काही ठरवून घ्या. स्नेहसंमेलन आणि ढोल-ताशांच्या दिवसांआधी मुलाला जागा दाखवून आणा. आवाज रोखणारे हेडफोन चालतील का, हेही आधीच विचारा.

काही मुलं शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घराच्या दारात चपला काढता काढता कोसळतात: रडणं, किंचाळणं, वस्तू फेकणं. शिक्षक म्हणतात, "इथे तर शहाण्यासारखा असतो, तुम्हीच लाडावलंय." हा हट्ट नसतो. हट्ट करणारं मूल हवं ते मिळालं की थांबतं. इथे हवं असं काही नसतंच, सहनशक्ती संपलेली असते. घरी आल्यावरचा पहिला तास प्रश्न नको, गृहपाठ नको, लगेच क्लास तर नकोच.

अजून एक सल्ला सर्रास दिला जातो: घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात आढळलेलं नाही. आजीची भाषाच बंद केली तर मुलाच्या बोलण्यातली माणसं मात्र कमी होतात.

शॅडो टीचर हवी का?

काही शाळा प्रवेशासाठी हीच अट घालतात आणि खर्च पालकांवर टाकतात. गरज असेल तिथे अशा मदतनीस शिक्षिकेचा मोठा आधार होतो. पण ती सतत खेटून बसली तर इतर मुलं जवळ येत नाहीत आणि वर्गशिक्षिकाही 'तिचं मूल' म्हणून मोकळी होते. म्हणून ती हळूहळू मागे कधी सरकणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवा.

दहावीची तयारी नववीतच

सीबीएसईमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांना ताशी २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक आणि तिसऱ्या भाषेतून सूट मिळू शकते. राज्य मंडळातही जादा वेळ आणि लेखनिकासारख्या सवलती आहेत. अर्ज शाळेमार्फत जातो आणि प्रमाणपत्राला वेळ लागतो, त्यामुळे नववीतच विचारपूस सुरू करा. लेखनिकासोबत लिहिण्याचा सराव सहामाहीपासून हवा. अनोळखी माणसाला उत्तर सांगणं हे या मुलांसाठी वेगळंच काम असतं.

सगळं करूनही मूल रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून रडत असेल, झोप उडाली असेल, येणारे शब्दही कमी झाले असतील, तर शाळा बदलणं ही हार नव्हे. छोटा वर्ग, विशेष शाळा किंवा एनआयओएससारखं मुक्त विद्यालय यांतून दहावी-बारावी करता येते.