सूचनाफलकाची बखर

राजांच्या बखरी पुष्कळ झाल्या, गडांच्या आणि लढायांच्याही झाल्या. या दिवाळीला वाचकांपुढे ठेवतो आहे ती बखर कॉलेजच्या भिंतीवरल्या एका काचेच्या पेटीची आहे. पेटीला कुलूप, आत टाचण्यांनी टोचलेले कागद आणि प्रत्येकाच्या तळाशी प्राचार्यांची सही. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. मुलांना शिकवणे आणि सवडीने कादंबऱ्या लिहिणे, हे माझे दोन उद्योग. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले त्या पेटीपुढे जाऊन उभी राहतात आणि त्यांचे पुढले आयुष्य कधीकधी आतल्या एखाद्या चिठोऱ्यावर ठरते. तेव्हा तिची हकीकत सांगण्याचा थोडा अधिकार मलाही आहे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याचे राजेपद मान्य केले, अशी परंपरा आहे. संस्थानी काळात सरकारची इच्छा रयतेला कळे ती दवंडीने. दवंडीत एक मोठा गुण होता. ती ऐकणाऱ्याच्या दारी चालत येई आणि ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही समजे. दोष एवढाच, की तीत बहुधा सारा भरा, कामाला या, अमुक करू नका, असेच काही असे. सूचनाफलकाने हे सगळे उलटे केले. त्याच्यावर रयतेला देण्याच्या गोष्टी आल्या. पण त्या वाचायला रयतेने आपल्या पायांनी यावे, अशी अटही आली.

पहिली मोठी सूचना दिल्लीहून निघाली. मॅट्रिकनंतर शिकणाऱ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली अनुसूचित जातींकरिता सुरू झाली आणि १९४८च्या सुमारास ती आदिवासींनाही लागू झाली. त्याच १९४८ साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. योग मोठा चांगला होता. पण मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर तेव्हा मॅट्रिक झालेला मुलगा शोधायचा कुठे? आणि सापडलाच, तरी कॉलेज कुठे? नाशिकचे हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज १९२४ पासून चालू होते. मात्र तिथे पोचायचे म्हणजे त्र्यंबकेश्वराकडचा घाट चढून जायचे, वर राहायचे आणि जेवायचे. घोषणा आधी आली; ती वाचणारा पुष्कळ वर्षांनी आला.

तो येण्याची वाट दोन संस्थांनी तयार केली. प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांनी १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी काढली. दोनच वर्षांनी बोर्डीला समुद्रकाठी तिचे हायस्कूल निघाले आणि आचार्य भिसे यांच्यासारख्यांनी आपले आयुष्य त्याला वाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. पुढे यथाकाल जव्हारला गोखले सोसायटीचे कॉलेज झाले आणि मोखाड्याला रयतेचे. एक संस्था नाशिक-मुंबईच्या वाटेने आली, दुसरी साताऱ्याकडून. डोंगरात दोघी शेजारणी झाल्या.

भाऊरावांनी एक गोष्ट फार लवकर ओळखली होती. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली. गरिबाच्या शिक्षणाचा क्रम आधी भाकरी, मग छप्पर आणि मग पुस्तक असा आहे, हे त्यांना ठाऊक होते. आज फलकावर ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना’ हा कागद दिसतो. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याच्या खात्यात जेवणाखाण्याचे व राहण्याचे पैसे जमा करणारी ही योजना २०१६-१७ पासून आहे. नाव नवे असले, तरी विचार साताऱ्याचा आहे.

दुसरा नेहमीचा कागद राष्ट्रीय सेवा योजनेचा. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ती देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. शहरातल्या मुलाने खेडे पाहावे, हातात कुदळ धरावी, हा हेतू. आमच्याकडची गंमत अशी, की शिबिराला निघालेला मुलगा पाड्यावरून आलेला, आणि शिबिरही पाड्यावरच! कुदळ त्याला नवी नसते. नवे असते ते सगळ्यांसमोर उभे राहून बोलणे, हिशेब ठेवणे, चार जणांना कामाला लावणे. श्रमाचा संस्कार घरूनच आणणाऱ्याला तिथे मिळतो तो पुढारीपणाचा.

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी मोबाईलवर एका सूचनेचा फोटो घेऊन आला. “सर, ‘पात्र विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत’ म्हणजे काय? पात्र म्हणजे भांडं ना?” मला हसू आले आणि लगेच ओसरले. जव्हार-मोखाड्यात दहांतली नऊ माणसे आदिवासी. घरची बोली वारली, नाहीतर कोकणा, ठाकूर, कातकरी. सूचना लिहिणारा लिहितो कचेरीच्या मराठीत. पात्र, विहित नमुना, साक्षांकित प्रत, तत्पूर्वी... डोंगर चढून आलेला मुलगा या शब्दांच्या पायरीला ठेचकाळतो. मी त्याला म्हटले, “पात्र म्हणजे हा पैसा ज्याच्यासाठी ठेवला आहे तो. म्हणजे तूच.”

आणि शेवटची तारीख! तिचे आणि आमच्या पंचांगाचे जमत नाही. भात निघाले, दिवाळी झाली, की इथली किती तरी कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर भिवंडी, कल्याण, वसईकडे निघतात ती होळीला परततात. उत्पन्नाचा दाखला हवा असतो, वडिलांची सही हवी असते, आणि वडील भट्टीवर असतात. अर्ज आता मोबाईलवर भरता येतो खरा. पण त्याला टेकडीवरची रेंज लागते. तारीख उलटते आणि वर्ष जाते. मुलगा नापास होत नाही, कुणी त्याला नाकारतही नाही. तो नुसता यादीत नसतो.

म्हणून मला वाटते, प्रत्येक फलकापाशी एक दवंडीवाला असावा. मागल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलाने या वर्षी चार पाड्यांवर, घरच्या बोलीत, लोक गाव सोडण्याआधी ती सूचना सांगावी. याला ना निधी लागतो, ना ठराव. वाचकहो, तुमच्या शेजारी इमारत उठत असेल, तर विटा वाहणाऱ्यांत कदाचित एखाद्या कॉलेजकुमाराचे आईबाप असतील. फराळाचे ताट नेऊन द्याल तेव्हा विचारा, “मुलाचा फॉर्म भरला का?” उत्तर ‘नाही’ आले, तर तारीख टळण्याआधी तेवढी एक सही त्यांच्याकडून घेऊन पाठवा.