एक्स-रे नॉर्मल, तरीही आजी चालेनात

आजी बाथरूममध्ये नुसत्या घसरून बसल्या. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही, म्हणून घरचे निर्धास्त झाले. पण आजींना कूस बदलवत नाही आणि पाऊल टाकवत नाही. तुमच्या घरी असं घडलं असेल, तर ही हकीकत वाचा.

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, हा संबंध बोस्टनच्या डॉ. फुलर ऑलब्राइट यांनी १९४०च्या सुमारास मांडला. पुढे लक्ष गेलं ते मणक्यांकडे आणि खुब्याकडे. कंबरेखालचं त्रिकोणी हाड, म्हणजे सेक्रम, मात्र दुर्लक्षितच राहिलं. ते ठिसूळपणामुळे आपोआपही मोडू शकतं, हे १९८२ मध्ये हर्बर्ट लूरी या अमेरिकन न्यूरोसर्जननी 'जामा' या नियतकालिकात लिहिलं. एक्स-रेचा शोध १८९५चा. म्हणजे मध्ये तब्बल ८७ वर्षं गेली!

याचं कारण साधं आहे. हे हाड वाकडं असतं, त्यावर आतड्यातल्या गॅसची सावली पडते आणि विरळ हाडातली बारीक चीर उमटतच नाही. पुढे बोन स्कॅनमध्ये अशा काही रुग्णांत इंग्रजी 'एच'सारखी आकृती दिसू लागली. मग सीटी आला आणि एमआरआय आला. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूजही दिसते.

आणखी एक फसगत होते. जांघेजवळचं पुढचं फ्रॅक्चर एक्स-रेत सापडतं आणि शोध तिथेच थांबतो. ओटीपोटाचा सांगाडा कड्यासारखा असल्याने मागेही मोड असू शकते. जर्मनीतल्या रोमेन्स आणि होफमन यांनी २०१३ मध्ये या फ्रॅक्चरचं वर्गीकरण केलं, तेही मागच्या बाजूला महत्त्व देऊन.

सुरुवातीच्या काळात मीही एका आजींना सायटिका समजून तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. फ्रॅक्चर कळलं असतं, तरी तेव्हा बहुधा तेच केलं असतं. पडून राहिल्याने पायात गुठळ्या, न्यूमोनिया, बेडसोअर होतात आणि हाडं आणखी झिजतात. आता वेदना आटोक्यात आणून वॉकर धरून लवकर उभं करतात. हाडं सरकली असतील किंवा दुखण्यामुळे उभंच राहता येत नसेल, तर स्क्रू घालण्याचा विचार होतो.

एक्स-रे नॉर्मल असूनही चालता येत नसेल, तर डॉक्टरांना सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि दुखणं थांबलं तरी डेक्सा तपासणी व हाडं बळकट करणारं औषध राहून जाऊ देऊ नका. बहुतेक घरांत नेमकं तेच राहून जातं.