ठेका देणारी पेटी

जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. जुन्या औरंगाबाद जिल्ह्याचे काही तालुके आणि परभणीचा परतूर एकत्र करून तो बनविण्यात आला, हे येथील शाळकरी मुलेही सांगतील. त्याच सुमारास जपानातील एका कारखान्यातून ताल धरणारी एक पेटी बाहेर पडत होती. तिच्या कुळातील आवाज पुढे भोकरदनच्या आणि घनसावंगीच्या वरातींत घुमणार आहेत, याची कल्पना तेव्हा ना त्या कारखान्याला होती ना आम्हांला. आज आम्ही बोलणार आहोत ते या कुळाविषयी. विषय काहींना हलका वाटेल. परंतु ज्या आवाजाने एकाची भाकरी गेली आणि दुसऱ्याची मान ताठ झाली, तो आवाज हलका म्हणता येत नाही.

आपोआप ठेका देणारे विकाऊ यंत्र प्रथम गाजले ते अमेरिकेत, १९५९ साली. वुर्लिट्झर कंपनीच्या त्या ‘साइडमॅन’मध्ये एक चकती फिरे, तिला स्पर्शबिंदू लागत, आणि काचेच्या नळ्यांतून ढोल-झांजेचे सोंग उमटे. वादकांच्या संघटनेने तत्काळ हरकत घेतली. पुढे जपानात इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीने १९६७ साली ‘रिदम एस’ काढला. बटण दाबले की वॉल्ट्झ, बटण दाबले की रुंबा. आपल्याकडील पेटीवाल्यांनी तीन मात्रांच्या वॉल्ट्झवर दादरा बसविला, चार मात्रांवर केरवा बसविला. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांना मात्र त्या बटणांत जागा नव्हती. परक्याच्या घरी गेलेल्या माणसाने मिळेल त्या पाटावर बसावे, तसा हा प्रकार.

याच काकेहाशींच्या रोलँड कंपनीने १९८० साली ‘टीआर-८०८’ काढली. तिची गोष्ट जरा निवांत सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांनी ‘एलएम-१’ आणली होती. तीत खऱ्या ढोलांचे आवाज मुद्रित करून भरलेले होते. किंमत सुमारे ५,००० डॉलर. रोलँडची पेटी १,१९५ डॉलरची. स्वस्त असावयाचे तर मुद्रित आवाज परवडत नव्हते, म्हणून विजेच्या मंडलांतूनच ढोलाची नक्कल करण्यात आली. मोठ्या ढोलासाठी एका मंडलाला विजेचा टोला द्यावयाचा आणि ते घंटेसारखे घुमत विझू द्यावयाचे. काही आवाजांतील चरचर तर कारखान्यांनी नापास केलेल्या ट्रान्झिस्टरांतून काढलेली. तसा नासका माल मिळेनासा झाला, तेव्हा पेटीही बंद पडली. १९८३ पर्यंत सुमारे १२,००० नग निघाले, बस्स.

खरा ढोल ऐकलेल्या माणसाने ती ऐकून हसावे, अशीच ती होती. पण ती हसण्यावारी गेलेली पेटी जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागली आणि डेट्रॉइट, शिकागो, न्यू यॉर्क येथील गरीब वस्त्यांतील काळ्या तरुणांच्या हाती पडली. ज्यांना ढोल-वादक ठेवणे परवडत नव्हते, त्यांनी ढोलाची नक्कल मागितलीच नाही. त्या घुमाऱ्यालाच त्यांनी नवे वाद्य मानले. आमच्या कानाला तो घुमारा ढोलापेक्षा डग्ग्याला जवळचा वाटतो: आघात संपल्यावरही खाली सरकत जाणारा स्वर. नक्कल फसली, म्हणून तिला स्वतःचा गळा फुटला.

आपल्या मुंबईतही तो गळा ऐकू आला होता. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी ८०८ आणि तिचीच धाकटी बहीण ‘टीबी-३०३’ घेऊन १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या तरुणांनी त्याच ३०३ मधून ‘ॲसिड’ नावाचे संगीत काढले, आणि २०१० मध्ये ती मुंबईची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले. सिंग यांचे २०१५ साली निधन झाले. भैरव आणि यमन त्या निर्विकार ठेक्यावर ऐकताना प्रथम विचित्र वाटते. मग लक्षात येते की ठेका हलत नाही, म्हणूनच रागाची हालचाल ठळक दिसते. रियाझाला इलेक्ट्रॉनिक तबला घेणाऱ्यांनाही हा अनुभव आहे. ती पेटी गायकाला सांभाळून घेत नाही आणि दादही देत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. वरातीतल्या ‘बेंजो’चे मूळ आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९१२ साली नागोया येथे मोरिता गोरो यांनी टंकयंत्रासारख्या कळा बसवून एक स्वस्त तंतुवाद्य केले. तेच येथे बुलबुलतरंग म्हणून आले आणि विजेचा कर्णा लावून बेंजो झाले. त्याच्या जोडीला १९८५ नंतर रोलँडचा ऑक्टापॅड आला: आठ रबरी चौकोन, ज्यांवर काठीने मारले की जोडलेल्या यंत्रातून हवा तो आवाज निघे. म्हणजे जपानची दोन स्वस्त वाद्ये, सत्तर वर्षांच्या अंतराने निघालेली, मराठवाड्याच्या धुळीत एकमेकांना भेटली. ‘कुर्बानी’ (१९८०) आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) यांनी कान तयार केलेलेच होते. वरून खाली घसरत येणारा तो ‘प्यूंव’ आवाज कोणत्याही चामड्यातून निघत नाही, आणि मुले नाचत ती त्यावरच.

हलगी आणि संबळ मागे सरले, याचे दुःख आम्हांस आहे. चिपाडाच्या जाळावर शेकून कडक केलेल्या हलगीचा पहिला टोला ज्याने ऐकला, त्याला रबराचा टोला ऐकवत नाही. परंतु येथे थोडे थांबावयास हवे. हलगी ही कला होती, तशीच ती गावाने ठरावीक जातींच्या गळ्यात घातलेली चाकरी होती. बोलावले की जावयाचे, मांडवाबाहेर उभे राहून वाजवावयाचे, आणि शिळेपाके घेऊन परतावयाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असली गावकीची कामे टाकून देण्यास सांगितले, ते उगाच नव्हे. पॅडला जात चिकटलेली नव्हती. तोच हात, तीच लय. पण आता वादकाला ‘पार्टी’ म्हणत, आधी सुपारी देत आणि जेवायला पंगतीत बसवीत. आवाज खोटा होता, म्हणून त्याच्यावर कोणाचा जुना हक्क नव्हता. कलेच्या नावाने हळहळणाऱ्या आम्हां पांढरपेशांना हे उशिरा कळले.

खरा धोका आला तो आवाज खरे झाल्यावर. पुढच्या यंत्रांत मुद्रित ढोलकी आली, मुद्रित हलगीही आली, आणि जाळ न पेटविता, चामडे न ताणता, हलगीचा हुबेहूब टोला एका बोटाने काढता येऊ लागला. मग मोठ्या भिंतीएवढे कर्णे आले आणि बोटाचीही गरज उरली नाही. साइडमॅनला वादक भ्याले, पण त्या सोंगाने फारसे कोणाचे पोट मारले नसावे. हुबेहूब नकलेने मात्र हलगीवाला आणि पॅडवाला दोघेही घरी बसविले. पॅडवर पंधरा-वीस वर्षे काढलेला असा एक वादक आम्हांस भेटला. जुने यंत्र त्याने विकलेले नाही. त्याच्या मुलाने त्यातले आवाज उतरवून घेतले आहेत, आणि गणपतीत पोरे त्याच्याकडे मागतात ती हलगी नव्हे. तो जुना ‘प्यूंव’च मागतात.