मोहऱ्यांचे रूप आणि खेळाची स्मृती : ऐतिहासिक बुद्धिबळ व संगणकाचा पडदा

मराठी घरात बुद्धिबळाचा पट मांडला की मध्यभागी राजा व वजीर, त्यांच्या दोन्ही बाजूंस उंट, पलीकडे घोडे आणि कोपऱ्यांत हत्ती उभे राहतात. अरबी-फारसी परंपरेतील शतरंजात मात्र आपल्या उंटाच्या घरात हत्ती, म्हणजे ‘फील’, उभा असे आणि कोपऱ्यात ‘रुख’. रशियन भाषेत आजही उंटाच्या जागी हत्ती व कोपऱ्यात होडी आहे. बंगालीतील गज आणि नौका ही जोडीही तशीच. एकाच घरातील मोहऱ्याला मिळालेली ही निरनिराळी नावे खेळाच्या प्रवासाच्या खुणा होत. ऐतिहासिक बुद्धिबळाचे प्रकार आता संगणकाच्या पडद्यावर खेळले जातात. तेथे या खुणांचे काय होते, हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही.

शतरंजातील फील तिरकस दिशेने दुसऱ्या घरात उडी घेई. मधले मोहरे त्याला अडवू शकत नसे. त्यामुळे पटावरील ६४ घरांपैकी अवघी ८ घरे त्याच्या आवाक्यात येत. वजिराच्या जागचा ‘फर्ज’ तिरकस एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात स्पेनमध्ये या दोन मोहऱ्यांना आजची लांब चाल मिळाली. व्हॅलेन्सिया येथील ‘स्काक्स दामोर’ हे काव्य आणि १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेला लुसेनाचा ग्रंथ हे या स्थित्यंतराचे प्रारंभीचे पुरावे होत. बहुसंख्य संगणकीय पटांवर मात्र शतरंजातील फर्ज मुकुटधारी राणीच्या रूपात दिसतो. डोळ्यांना दिसते ती दूरवर मारा करणारी राणी. नियम मात्र एका घराचा. खेळाडूचा अंदाज चुकतो तो येथेच.

मोहऱ्यांचे रूप कधीच स्थिर नव्हते. इराणमधील निशापूर येथील बाराव्या शतकातील मोहऱ्यांचा संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात माणूस वा प्राणी यांची हुबेहूब आकृती नाही. हत्तीचे हस्तिदंत सुचविणारे दोन उंचवटे तेवढे त्याची ओळख पटवितात. या अमूर्त आकारातच युरोपीय डोळ्यांना बिशपचे शिरोभूषण दिसले असावे, असे मानले जाते. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ मध्ये उजेडात आलेल्या वॉलरसदंती मोहऱ्यांत खरोखरच शिरोभूषणधारी बिशप आहेत, आणि कोपऱ्यातील मोहऱ्यांच्या जागी ढाल घेतलेले योद्धे. १८४९ मध्ये लंडनच्या जॅक्स या व्यापारी घराण्याने ‘स्टाँटन’ नमुन्याचे मोहरे विक्रीस आणले. परक्या गावच्या खेळाडूलाही कोणते मोहरे कोणते हे क्षणात कळावे, ही सोय त्या नमुन्याच्या यशामागे होती. पुढे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोच रूढ झाला आणि पडद्यावरील चित्रांनीही त्याचेच अनुकरण केले.

काही परंपरांत तर रूप हाच नियमाचा भाग असतो. थायलंडच्या ‘मकरुक’मध्ये प्याद्यांसाठी कवड्या वापरीत, प्याद्याला बढती मिळाली की कवडी उलटी ठेवावयाची. जपानी ‘शोगी’त दोन्ही पक्षांचे मोहरे एकाच रंगाचे, टोक कोणाकडे वळले आहे यावरून मालक ओळखावयाचा, कारण पकडलेले मोहरे पुन्हा स्वतःच्या बाजूने पटावर उतरविता येते. तेथे काळे-पांढरे मोहरे दाखविले तर ही सारी व्यवस्था अनाकलनीय होते. पटाचेही तसेच. भारतीय अष्टापद आणि शतरंजाचा पट एकरंगी, रेघांनी आखलेला असे. दुरंगी घरांचा आणि राणीचा प्रारंभीचा उल्लेख आढळतो तो दहाव्या शतकाच्या अखेरीच्या आइन्सीडेल्न येथील लॅटिन काव्यात.

भारतीय ग्रंथपरंपरेतही या स्थित्यंतराच्या नोंदी आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजविनोदांमध्ये या खेळाला स्थान दिले. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त त्याचे विवेचन केले. १८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतावर आधारलेला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेऊनच. जुना खेळ नव्या रूपात मांडण्याची निकड दोन शतकांपूर्वीही होती.

संगणकाने या निकडीला निवडीचे स्वातंत्र्य जोडले. ‘एक्सबोर्ड’सारख्या मुक्त प्रणालीत शतरंज खेळता येते, तसेच बारा स्तंभांच्या पटावरील मध्ययुगीन जर्मन ‘कुरियर’ही, मोहऱ्यांची चित्रे आणि पटाचा पोत वापरणाऱ्यास बदलता येतो. शोगीच्या संकेतस्थळांवर जपानी अक्षरांचे मोहरे किंवा परकीयांसाठी केलेली चित्रे यांतून निवड करता येते. संगणकीय लिपिसंकेत ठरविणाऱ्या युनिकोडमध्ये पाश्चात्त्य बुद्धिबळाची चिन्हे आधीपासूनच आहेत. चिनी ‘श्यांगछी’ची चिन्हे २०१८ मध्ये आली, तर फर्ज आणि फील यांना स्वतंत्र चिन्हे मिळण्यास २०२५ उजाडले. तोपर्यंत शतरंजाचा डाव मुद्रित करणाऱ्यास राणी आणि बिशप यांची चिन्हे उसनी घ्यावी लागत.

निवडीचे हे स्वातंत्र्य इतिहासाला मारक आहे काय? मोडी कागदपत्रांचे देवनागरीकरण करणारा संपादक वाचकाची सोय पाहतो. परंतु मूळ मोडी होती हे तो लपवीत नाही. पडद्यावरील पटालाही हाच न्याय लागू व्हावा. ओळखीचे मोहरे नवख्याला जुन्या खेळाच्या दाराशी आणतात. म्हणून ते असावेत. त्यांच्याबरोबर त्या काळाचे रूपही उपलब्ध असावे आणि कोणते रूप मूळचे, कोणते सोयीचे, याची नोंद असावी. तशी नोंद नसेल तर राणीच्या वेषातील फर्जाला खेळाडू दुबळी राणी समजेल. वस्तुतः तो दुबळा नव्हता. राणी जन्मण्यापूर्वी शतकानुशतके राजाच्या शेजारी एकेक घर चालत राहिलेला तो मंत्री होता.