राग मालकंस

मालकंस हा भैरवी थाटातला औडव राग. रिषभ आणि पंचम वर्ज्य, गंधार, धैवत, निषाद कोमल, मध्यम शुद्ध. वादी मध्यम, संवादी षड्ज. गानसमय रात्रीचा तिसरा प्रहर, म्हणजे 12 ते 3. पंचम नसल्याने तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात. हा राग ऐकायला भुते येतात असे जुने लोक म्हणत. आम्हाला तरी अजून भेटलेली नाहीत.

घरी पेटी असेल तर एक गंमत करून पाहा. कोमल धैवताला षड्ज मानून हेच पाच स्वर वाजवा, भूप ऐकू येईल. निषाद शुद्ध केला की मात्र चंद्रकंस होतो.

सुरतकरांना हा राग पं. ओंकारनाथ ठाकूर (1897–1967) यांच्यामुळे जवळचा वाटावा. ते शेजारच्या भरूचमध्ये वाढले आणि मुंबईला कुरुंदवाडच्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांकडे शिकले. त्यांचे मालकंसातले मीरेचे भजन 'पग घुंघरू बांध' अवश्य ऐकावे. 'बैजू बावरा'तले (1952) 'मन तरपत' आणि सी. रामचंद्रांचे 'नवरंग'मधले (1959) 'आधा है चंद्रमा' याच रागातली.

रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला मनाई असल्याने आपल्या कार्यक्रमांत मालकंस गायला गेलाच तर साडेनऊला, घड्याळाकडे बघत. खरा ऐकायचा तर एखाद्या सभासदाच्या दिवाणखान्यात, माइकशिवाय, मध्यरात्रीनंतर बसावे लागेल. चहाची सोय करता येईल.